अश्दोदला जहाज बारा तास थांबणार. जेरुसलेम बघू की अलिबागची मैत्रीण?

ओहोटी (१४ सप्टेंबर २०१८)

नमस्कार मंडळी. घरात एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारते.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं (मी ६६, हे ७०) भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालोय. रोमजवळच्या चिवितावेक्कियाला चढायचं, मग पिरेयस, लिमासोल, हैफा, अश्दोद आणि परत. हैफाला शुक्रवार २ नोव्हेंबर, अश्दोदला शनिवार ३ नोव्हेंबर. अश्दोदला सकाळी सात ते संध्याकाळी सात, पण साडेसहाला सगळे जहाजावर हवेत.

अश्दोदमध्ये माझी शाळेतली मैत्रीण राहते. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. अलिबागला इस्राएल आळीत तिचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून होतं, मधे एक विहीर. पहिली ते अकरावी एका बाकावर बसलो. १९६९ च्या मे महिन्यात ते सगळं कुटुंब इस्रायलला गेलं. मी रेवसच्या धक्क्यापर्यंत एसटीने सोडायला गेले होते. भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच सुटली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत ओढणी हलवत होती, एवढं आठवतं. पत्रं १९७३ पर्यंत आली. मग तिकडे युद्ध झालं, त्यांचा पत्ता बदलला, मी लग्न होऊन साताऱ्याला आले. गेल्या वर्षी माझा भाचा आळीतल्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो) इस्रायलहून आलेल्या पाहुण्यांशी बोलत उभा होता, त्यातली एक तिची पुतणी निघाली! तेव्हापासून फोन सुरू आहेत.

आता अडचण. ह्यांचं म्हणणं, जेरुसलेमला पुन्हा जाणं होणार नाही, जहाजाची सहल घेऊ. दुसरं म्हणजे शनिवार. ती शब्बाथ (शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विसावा) पाळते. गाडीत बसत नाही, फोन उचलत नाही. मी काय करू?

---

गलबत

आधी कागदपत्रं. शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना? ग्रीस सोडून लिमासोल-इस्रायल करून परत इटलीत येताना दुसऱ्यांदा प्रवेश होतो. सिंगल असेल तर जहाजावर चढूच देणार नाहीत. इस्रायलचा व्हिसा वेगळा.

---

ओहोटी

हो, मुलाने दोन्ही करून ठेवलेत.

---

तिखटमीठ

थोडं कडू बोलते. काही वर्षांपूर्वी पेनांगला आमचं जहाज थांबलं होतं. कॉलेजातली जिवाभावाची मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथेच राहायची. स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउनच्या अगदी पोटात आहे, उतरलं की समोर व्हिक्टोरिया राणीचं घड्याळ. त्या घड्याळाखाली भेटलो. पहिली वीस मिनिटं रडणं-हसणं झालं, मग विषयच सुचेना. ती घरांच्या किमतींबद्दल बोलत राहिली, मी मान हलवत राहिले. दोघींचंही काही चुकलं नव्हतं. बावीस वर्षांत आम्ही दोन वेगळ्या बायका झालो होतो. तुमची तर एकोणपन्नास वर्षं आहेत. जेरुसलेमला जा, फोनवर बोला, गोडी राहू द्या.

---

एसटीचा_लाल_डबा

तिखटमीठ, तुमचा अनुभव खरा, पण सल्ला पटला नाही. शिळं झालेलं नातं फोनवरही शिळंच राहतं, भेटून निदान कळतं तरी. आणि कॉलेजची मैत्री वेगळी, विहिरीवरची वेगळी. एकत्र पाणी ओढलेली माणसं गप्प बसूनही एकमेकांशी बोलतात.

---

गलबत

मी अठरा वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, अश्दोदला तीनदा लागलोय. बंदर मुळात मालाचं आहे. १९६५ पासूनचं, प्रचंड मोठं. आवारात पायी फिरू देत नाहीत, फाटकापर्यंत शटल बस. तिथून शहर टॅक्सीने जवळ. शनिवारी रेल्वे बंद, बहुतेक बस बंद, टॅक्सीचा दर चढा. जेरुसलेम साधारण ७० किलोमीटर. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही स्वतः फिरायला गेलात तर थांबत नाही. काय ठरवायचं ते यावर ठरवा.

---

निळी_शाई

गलबत यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. आमच्या गटातलं एक जोडपं नेपल्सला दहा मिनिटांनी चुकलं. आम्ही डेकवरून त्यांना धक्क्यावर पळताना पाहत होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने गेले. औषधं केबिनमध्ये राहिली होती, काकांना रक्तदाबाचा त्रास. उतरताना दोन दिवसांच्या गोळ्या, थोडे पैसे आणि बंदरावरच्या एजंटचा नंबर जवळ ठेवा. तो नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो.

आणि जहाजाचं घड्याळ! इटलीहून ग्रीसकडे जाताना एक तास पुढे होतं. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, मोबाइलवर विसंबू नका.

---

वाफाळता_चहा

हैफाला शुक्रवारी उतरून रेल्वेने अश्दोदला गेलं तर? हैफाचं स्टेशन धक्क्याला लागूनच आहे ना?

---

लोदकर

नमस्कार. इथे फार लिहीत नाही, पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी लोद गावी राहतो. आम्हा बेने इस्रायलींत गावाला 'कर' लावायची जुनी रीत, म्हणून हे नाव घेतलंय. खरं आडनाव रायगड जिल्ह्यातल्या एका गावाचंच आहे. वडील १९६४ साली आले, मी तेव्हा नऊ वर्षांचा.

वाफाळता_चहा, स्टेशन जवळ आहे हे बरोबर, पण शुक्रवारी गाड्या दुपारनंतर थांबतात. जायला दीड-पावणेदोन तास, परत यायला गाडी मिळायची नाही. शिवाय शुक्रवारची दुपार आमच्या घरांत दिवाळीच्या आदल्या दिवसासारखी असते. सूर्य मावळायच्या आत सगळं शिजवून, न्हाऊन, दिवे लावून मोकळं व्हायचं असतं. त्या वेळी पाहुणा आला तर यजमानीण धड बोलूही शकत नाही.

ओहोटीताई, शनिवारच उत्तम. तिला कुठे जायचं नसतं, स्वयंपाक करायचा नसतो, फोन वाजत नसतो. आठवड्यातला हा एकच दिवस ती पूर्णपणे तुमची असेल. तुम्ही टॅक्सीने जा, तुम्हाला बंधन नाही. आणि तारीख पाहा. ३ नोव्हेंबरला सूर्य पाचच्या आधी मावळतो, साडेपाचच्या सुमारास शब्बाथ संपतो. तुमची वेळ साडेसहाची. तिचा मुलगा जवळ राहत असेल तर शेवटी गाडीने फाटकापर्यंत सोडेल.

फक्त एक. शुक्रवारी दुपारनंतर निरोप पोचणार नाही. जे ठरवायचं ते आधीच पक्कं करा. पूर्वी ठरवायचो तसं: अमक्या वेळी, अमक्या ठिकाणी, आणि आलो नाही तर काय.

---

तिखटमीठ

लोदकर, हे वाचून मी माझा सल्ला मागे घेते. पेनांगला आम्हा दोघींचे फोन दर दोन मिनिटांनी वाजत होते.

---

कोथिंबीरवडी

अहो, शनिवार म्हटल्यावर आठवलं. माझी आजी पेणची. ती 'शनवार तेली' म्हणायची, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. लोदकर, हा शब्द तुम्हाला खटकतो का? चुकून दुखवायला नको म्हणून विचारते.

---

लोदकर

मुळीच नाही. माझ्या पणजोबांचा घाणा होता. कोकणात आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, अशी आमच्याकडे सांगतात ती कथा. भाषा गेली, ग्रंथ गेले, पण शनिवार सोडला नाही. शेजाऱ्यांनी त्यावरूनच नाव पाडलं आणि त्यात हेटाळणी नव्हती.

खटकलं ते इथे आल्यावर. आम्ही खरे यहुदी आहोत का, आमच्याशी लग्न लावायचं का, हा प्रश्न इथल्या धर्मपीठाने काढला. आमची माणसं जेरुसलेमात रस्त्यावर बसली. १९६४ साली संसदेने आम्ही बरोबरीचे आहोत हे सांगितलं, तेव्हा मिटलं. वडील म्हणायचे, पेणला कुणी विचारलं नव्हतं, ते इथे येऊन सिद्ध करावं लागलं.

---

तटस्थ_वाचक

पण तुम्ही लोक भारत सोडून गेलातच का? आणि आज तिकडे जे चाललंय त्यावर…

---

धागा-व्यवस्थापक

राजकारणासाठी वेगळे धागे आहेत. इथे भेटीबद्दल बोलू या.

---

ओहोटी

लोदकरदादा, तुमचं उत्तर ह्यांना वाचून दाखवलं. ते सहलीने जेरुसलेमला जाणार, मी मैत्रिणीकडे. दोघंही खूश!

आता भेट काय नेऊ? दिवाळीचा फराळ नेला तर चालेल? चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू?

---

लोदकर

कोशर (आमच्या धर्मातले खाण्याचे नियम) पाळत असतील तर दुसऱ्या स्वयंपाकघरातलं खात नाहीत. ती नाही म्हणणार नाही, संकोचेल मात्र. आणि मांसाहारी जेवणानंतर दुधा-तुपाचं चालत नाही. म्हणून तर आमच्या सगळ्या रश्श्यांत दह्याऐवजी नारळाचं दूध. चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला.

पोहे-कोकम म्हणाल तर बेर-शेबा, दिमोना, अश्दोद सगळीकडे भारतीय किराणा मिळतो. न मिळणारं काही न्या.

---

कोथिंबीरवडी

चिकाचा हलवा म्हणजे गव्हाचा चीक? तीन दिवस भिजवून? कृती द्या की!

---

लोदकर

तोच. आता बरेच जण चायना ग्रासवर करतात. माझी आई चीकच काढायची, नव्याच्या सणाला. आमच्या सणांची नावंही बघा: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. हिब्रू नावं इथे आल्यावर तोंडात बसली. कृती बायकोला विचारून वेगळ्या धाग्यावर टाकतो.

---

दर्यासारंग

हैफाला शुक्रवारी वेळ असेल तर भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीत जाऊन या. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हैफा जिंकलं. या महिन्यात बरोबर शंभर वर्षं होतायत. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले पुतळे त्याच स्वारांच्या आठवणीसाठी आहेत.

---

एसटीचा_लाल_डबा

ताई, न मिळणारी वस्तू सुचवू? शाळेचा फोटो. किंवा आळीचा आजचा फोटो. आणि परत आल्यावर इथे लिहा नक्की. नाहीतर आम्ही अश्दोदच्या फाटकावरच उभे राहू.

---

ओहोटी (१८ नोव्हेंबर २०१८)

मंडळी, परत आले. दिवाळी जहाजावर आणि विमानात गेली, म्हणून उशीर झाला.

गुरुवारी लिमासोलहून फोन करून सगळं ठरवलं. तिच्या वसाहतीजवळ एक औषधांचं दुकान आहे, त्याच्यासमोरच्या बाकावर साडेनऊला. मी आले नाही तर तिने साडेदहापर्यंत थांबायचं, मग घरी जायचं आणि मी घर शोधायचं. पत्ता तिच्या मुलाने हिब्रूत कागदावर लिहून पाठवला, तो टॅक्सीवाल्याला दाखवायला.

मी सव्वानऊला पोचले. रस्ता इतका रिकामा की अलिबागला दुपारी दोनला असावा तसा. बाकावर एक बाई बसलेली, डोक्याला रुमाल, हात मांडीवर. मी ओळखलं नाही. तिने मला चालताना पाहिलं आणि बसल्या जागेवरूनच ओरडली, "अगो, अजून तशीच पाय फेंगडे टाकतेस!" एकोणपन्नास वर्षांनी कानावर आलेलं पहिलं वाक्य.

तिचं मराठी १९६९ सालचंच आहे. 'टॉवेल' नाही, 'पंचा'. 'फ्रीज'ला मात्र हिब्रू शब्द, कारण अलिबागला दोघींकडेही फ्रीज नव्हता! मुलं-सुना समजतात सगळं, उत्तर हिब्रूत देतात.

जेवण शुक्रवारीच शिजवून विजेच्या पसरट तव्यावर गरम ठेवलेलं. त्याला प्लाता म्हणतात, शब्बाथभर तो चालूच असतो. चहाचं पाणीही आदल्या दिवशीच उकळून भांड्यात गरम राहिलेलं. नारळाच्या रसातली मासळी होती. मी विचारलं, कुठली गं? म्हणाली, "बोय. इथे बुरी म्हणतात. खवल्यांची आहे म्हणून चालते." मग आठवलं, आमच्याकडे कोलंबीचं कालवण असलं की आई हिच्यासाठी वेगळं वरण ठेवायची. आई गेली हे तिला माहीत होतं, पण वरणाची आठवण तिनेच काढली आणि मग आम्ही दोघी जेवायच्या थांबलो.

एक चूक माझ्याकडून झाली. न्हाणीघरातून बाहेर येताना सवयीने दिवा बंद केला. शब्बाथला ते दिवे लावत नाहीत, घालवतही नाहीत, आणि पाहुण्याला लाव असंही सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत घरातली माणसं अंधारात चाचपडत जात होती, कुणी मला बोललं नाही. तिची सात वर्षांची नात तेवढी माझ्याकडे बघून हसू दाबत होती. मला फार वाईट वाटलं.

तिखटमीठ, विषय सुचेल का ही भीती मलाही होती. दोन तास तर तिनेच सांगितलं. सुरुवातीला वाळवंटात दिमोनाला पाठवलं, समुद्राकाठच्या माणसांना! ती आणि तिची आई कापडगिरणीत लागल्या. वडील रोज संध्याकाळी गावाच्या टोकाला जाऊन उभे राहायचे, भरतीची वेळ झाली म्हणायचे. भाऊ १९७३ च्या युद्धातून परत आला नाही. त्यानंतर तिने कुणालाच पत्र लिहिलं नाही. "तुला काय लिहू तेच कळेना," म्हणाली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकलं.

पाचला सूर्य बुडाला होता. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, म्हणून आम्ही गच्चीत बसून ते मोजले. तिसरा तिला आधी दिसला. मग घरात वात पेटवली, लवंगांचा वास सगळ्यांनी घेतला, प्रार्थना झाली आणि पाच चाळीसला मुलाने गाडी काढली. सहाला फाटकावर. फोटो फाटकाजवळ काढू म्हटलं तर पहारेकऱ्याने बंदरात फोटो काढायला मनाई केली. त्यामुळे फोटो नाही. शेवटची शटल सव्वासहाची होती.

ह्यांना जेरुसलेम फार आवडलं. मला विचाराल तर तेही एकदा बघायचंय.

---

निळी_शाई

भावाचं वाचून थांबले. ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

लोदकर

ओहोटीताई, दिमोनाचं अगदी खरं. आमच्याकडेही आजोबा गुडघ्याला वारा लागला की म्हणायचे, खारा नाही हा.

दिव्याचं मनाला लावून घेऊ नका. आमच्या घरी हे दर दोन महिन्यांनी आमच्याच नातवंडांकडून होतं.

---

तिखटमीठ

पेनांगच्या मैत्रिणीला काल मेल केली. घरांच्या किमतींबद्दलच विचारलं, सुरुवात म्हणून.

---

गलबत

सहाला फाटक आणि साडेसहाची वेळ! मी वाचतानाच घड्याळ बघत होतो. पण भेट भरपूर झाली.

---

ओहोटी

एक राहिलं. निघताना तिने एवढंच विचारलं, "विहिरीजवळची बकूळ आहे का गं?" मला सांगता आलं नाही. आमचं घर १९८२ मध्ये विकलं, आळीत मी कित्येक वर्षांत गेलेले नाही, भाच्याला बकूळ कुठे होती ते माहीत नाही. अलिबागचं कुणी आहे का इथे?

---

चोंढीचा_पोपट

आहे की! गेले दोन महिने नुसता वाचतोय. रविवारी बाजाराला अलिबागला जातोच. खूण सांगा.

---

ओहोटी

मशिदीकडे तोंड करून उभं राहा. डाव्या हाताला बोळ आहे, दोन माणसं जेमतेम जातील एवढा. त्यातून आत गेलात की पाचव्या-सहाव्या घरामागे मोकळी जागा. विहीर गोल, काठ काळ्या दगडाचा, एका बाजूला दोर घासून खाच पडलेली. बकूळ विहिरीच्या पूर्वेला, म्हणजे सकाळी सावली पाण्यावर पडायची.

---

चोंढीचा_पोपट (२ डिसेंबर २०१८)

जाऊन आलो. बोळ आहे, आता फरशी घातलीय. विहीर सापडली. वर लोखंडी जाळी टाकून पंप बसवलाय, पण दगडातली खाच तशीच, बोट घालून बघितलं. बकूळ नाही. तिथे आता मोटारसायकली उभ्या असतात. शेजारच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, ८४ वर्षांच्या. म्हणाल्या, झाड वादळात पडलं, वर्ष आठवत नाही, पण त्याच्या बियांचं एक रोप त्यांच्या सासऱ्यांनी परसात लावलं होतं. ते मी पाहिलं. दुमजली घराएवढं आहे. फुलांचा मोसम नव्हता, पानं आणली आहेत, वहीत दाबून ठेवली. तुमच्या भेटीचं सांगितलं तेव्हा त्या आजींनी दोघींची लहानपणची नावं विचारली. मला माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, पाणी ओढताना भांडणाऱ्या दोन मुली होत्या, त्याच का?

---

ओहोटी

त्याच. पानं मला पोस्टाने पाठवाल का? पत्ता निरोपात कळवते. आज रविवार, तिला आत्ताच फोन लावते.